खाशाबांचा सहावा क्रमांक

खाशाबा जाधव म्हटले की हेलसिंकीचे पदक आठवते. मुलांना आधी सांगावी ती लंडनची हार.

कराडजवळच्या गोळेश्वरात १९२६ साली जन्मलेल्या खाशाबांना कुस्ती शिकवली ती वडिलांनी. मातीत तरबेज असलेल्या या पोराला १९४८च्या ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरावे लागले. मातीत पाय रोवता येतो. मॅटवर तोल सांभाळायची सवय निराळी, ती अंगात मुरायला वेळ लागतो. खाशाबा सहावे आले. मूल हरून घरी आले की पंचांना दोष देण्याची घाई आपल्यालाच असते. खाशाबांनी चार वर्षे सराव वाढवला आणि ते वरच्या वजनगटात गेले.

१९५२च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले.

तिथे जपानच्या शोहाची इशीईंशी झालेल्या दमवणाऱ्या लढतीत खाशाबा हरले. नियमाने अर्धा तास विश्रांती हवी होती, पण लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. थकलेल्या स्नायूंना सावरायला वेळ लागतोच. तोवर पकड ढिली राहते. बाजू मांडायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता. खाशाबा लढले, हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले.