बाबासाहेबांचं लंडनचं शिक्षण

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ साली परतावं लागलं. मंद्रूपहून सोलापूरला गिरणीत जाताना चार दिवसांचा खाडा पडला तरी आमचा जीव खालीवर व्हायचा. हा खाडा तीन वर्षांचा! मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी हातभार लावला, मित्र नवल भथेनांकडून उसने घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. १९२१ साली एम.एस्सी. झाले. पुढं जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातलं, ते मात्र पुरं झालं नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीला परत दिला, अन् जवळचे पैसे संपलेले. मुंबईला येऊन त्यांनी तो नीट करून पाठवला. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली.