फाईल कुठे गेली? रंगनाथनांना विचारा!

‘न्यू फोल्डर’च्या पोटात अजून किती ‘न्यू फोल्डर’ ठेवणार? शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) मूळचे गणिताचे मास्तर, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि चक्क कंटाळले! मग ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले. तिथे एका दुकानात मेकॅनो बघितला. तुकडे तेच, खेळणी मात्र हवी तेवढी! ड्युईच्या पद्धतीत विषयांची आधीच ठरलेली उतरंड, अगदी आपल्या फोल्डरसारखी. रंगनाथनांनी विषयाचेच तुकडे पाडले: क्षयरोग, उपचार, भारत, काळ. ते जोडले की पुस्तकाचा क्रमांक तयार. हीच १९३३ची कोलन पद्धत.

हे क्रमांक वाचकाने पाठ करावेत असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. त्याने सरळ कपाटापाशी जावं, त्याचा वेळ वाचावा. डोकेफोड ग्रंथपालाने करायची. पण आपल्या कॉम्प्युटरवर ग्रंथपालही आपणच ना! डिस्कवरचे सेक्टर नाही कळले तरी चालेल, पण ‘फायनल२’ऐवजी विषय, काम, साल असं नाव देणं सबमिशनच्या आदल्या रात्रीआधी जमायला हवं.

रंगनाथनांनी पुढे आपली बचत मद्रास विद्यापीठाला दिली, पत्नी शारदा यांच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचं अध्यासन काढायला.