ढोबळी मिरची, नंबर ३०

आमच्या कपाटात फोटोंचे अकरा अल्बम आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक फोटो मी काढलेले. आई गेल्यानंतर वर्षश्राद्धाच्या आधी, भिंतीवर लावायला तिचा एखादा चांगला फोटो हवा, म्हणून एका रात्री मी ते सगळे अल्बम पालथे घातले. आई जवळजवळ प्रत्येक पानावर होती. कुठे मागच्या कॅलेंडरचा खिळा तिच्या डोक्यातून उगवला होता, कुठे शोकेसमधल्या बाहुल्यांची रांग तिच्या खांद्यावर चढून बसली होती, तर कुठे बारशाच्या घोळक्यात ती कडेला अर्धीच आली होती. कॅमेरा हातात घेऊन वीस वर्षं झाली होती आणि मला माझ्या आईचा एक धड फोटो काढता आला नव्हता.

शेवटी स्टुडिओत काढलेला एक जुना फोटो मोठा करून लावला. फोटो सुबक होता. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती घालवलेली. माझी धाकटी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि ही कुणाची आजी, असं मला विचारलं. तो प्रश्न मला चांगलाच लागला.

मग मी रीतसर अभ्यासाला बसलो. फोटोग्राफीची दोन-तीन पुस्तकं आणली. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करावेत, मुख्य वस्तू मधोमध न ठेवता त्या रेघांवर ठेवावी, नजर आत नेणारी तिरपी रेघ शोधावी, क्षितिज मध्यावर येऊ देऊ नये. नियम पाठ झाले. फोटो नीटनेटके येऊ लागले, पण शाळेतल्या निबंधासारखे. चूक काढायला जागा नाही आणि लक्षात राहावं असंही काही नाही.

अशातच एका ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक चाळताना एका पानावर माझा हात थांबला. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक ढोबळी मिरची. आपल्या मंडईत मिळते तीच, जरा वेडीवाकडी. पण कुणी तरी पाठमोरं अंग आवळून बसावं तसे तिचे उभार, आणि त्यांवरून घरंगळत गेलेला उजेड! मी खुर्ची ओढून बसलोच. खाली छायाचित्रकाराचं नाव होतं एडवर्ड वेस्टन, आणि चित्राचं नाव होतं ‘पेपर नंबर ३०’. साल १९३०. त्या दिवसापासून हा माणूस माझा न भेटलेला मास्तर झाला.

वेस्टनचा जन्म २४ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत, शिकागोजवळच्या हायलंड पार्क गावी झाला. वडील डॉक्टर. एडवर्ड लहान असतानाच आई वारली आणि थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं. १९०२ मध्ये, सोळाव्या वर्षी, वडिलांनी त्याला कोडॅकचा ‘बुल्स-आय’ नावाचा साधा पेटी-कॅमेरा भेट दिला. शिकागोच्या बागांमधून तो पोरगा कॅमेरा घेऊन भटकू लागला, तो पुढं शेहेचाळीस वर्षं थांबला नाही.

१९०६ मध्ये तो बहिणीपाठोपाठ कॅलिफोर्नियात गेला. तिथं तो दारोदार हिंडून मुलांचे, पाळीव कुत्र्यामांजरांचे, प्रसंगी अंत्यविधींचेसुद्धा फोटो काढून पैसे मिळवी. पुढं फोटोग्राफीच्या शाळेत काही महिने शिकला, लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओंत रिटचिंगची आणि छपाईची नोकरी केली. १९०९ मध्ये फ्लोरा चँडलर या शिक्षिकेशी लग्न झालं. चार मुलगे झाले. १९११ मध्ये ट्रॉपिको या गावात त्यानं स्वतःचा स्टुडिओ थाटला.

त्या काळी कलात्मक फोटो म्हणजे धूसर फोटो, अशी समजूत होती. भिंगावर जणू धुकं पसरवून छायाचित्राला पेंटिंगची कळा आणायची. वेस्टन यात निष्णात होता. बक्षिसं मिळाली, नाव झालं, गिऱ्हाईक वाढलं. अशा ठिकाणी पोचलेला माणूस सहसा तिथंच मुक्काम करतो. हा गडी मात्र अस्वस्थ होता. १९२२ मध्ये ओहायोत बहिणीकडे गेला असता तिथल्या पोलाद कारखान्याची धुराडी आणि नळ त्यानं टिपले. धुकं नाही, सजावट नाही. आकाशावर उभ्या ठाकलेल्या स्वच्छ, करकरीत रेषा. तिथून तो न्यूयॉर्कला गेला आणि आल्फ्रेड स्टिगलिट्झ या अमेरिकन छायाचित्रणातल्या वडीलधाऱ्या माणसाला आपली चित्रं दाखवून आला. परतताना त्याची दिशा ठरली होती. ज्या धूसरपणानं नाव दिलं, तोच त्यानं टाकून दिला.

१९२३ मध्ये तो मेक्सिकोला गेला. बरोबर थोरला मुलगा चँडलर आणि टिना मोदोत्ती ही त्याची शिष्या व सहचरी. तिनं स्टुडिओ सांभाळायचा आणि त्यानं तिला फोटोग्राफी शिकवायची, असा करार होता. पत्नी फ्लोरा आणि बाकीची तीन मुलं मागं राहिली. या निर्णयाची किंमत त्याच्या घरच्यांनी मोजली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोठ्या कलावंताचं चरित्र वाचताना हा खडा दाताखाली येतोच. मुलांवर त्याचा जीव होता, त्यांच्या आठवणीनं तो तिकडं व्याकूळ होई. तरीही तो गेला.

मेक्सिकोत त्याची नजर पार बदलली. १९२५ मध्ये त्यानं चक्क घरातल्या संडासाच्या भांड्याचं चित्र काढलं. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून, दिवसचे दिवस खपून. आपल्याला हसू येतं. पण चित्र पाहिलं की त्या पांढऱ्या चिनी मातीचे बाक पाहत राहावेसे वाटतात. सुंदर वस्तूचं चित्र सुंदर येतं असं नाही, आणि कुरूप वस्तू मुळात नसतेच. पाहणारा कुठं उभा आहे यावर सगळं ठरतं, हा धडा मला त्या भांड्यानं शिकवला.

१९२६ च्या अखेरीस तो कॅलिफोर्नियात परतला. १९२७ मध्ये शंख-शिंपल्यांनी त्याला झपाटलं. तेव्हाचं संथ फिल्म आणि भिंगाचं अगदी बारीक छिद्र, त्यामुळं एकेक चित्र घ्यायला तासन्‌तास लागत. घरात कुणी धाडधाड चाललं तरी शंख हलून निगेटिव्ह वाया जाई. मग पुन्हा सुरुवात. १९२९ मध्ये तो समुद्रकाठच्या कार्मेल गावी राहायला गेला आणि जवळच्या पॉइंट लोबोस या खडकाळ किनाऱ्यानं त्याला जन्मभर पुरेल इतकं काम दिलं.

आणि मग ती ढोबळी मिरची. मिरच्यांची चित्रं तो आधीपासून काढत होता, पण मनासारखं जमत नव्हतं. मागं पांढरा पुठ्ठा ठेवला, कापड लावलं, तरी मिरची चिकटवल्यासारखी दिसे. ऑगस्ट १९३० मध्ये चार दिवसांत त्यानं किमान तीस निगेटिव्ह काढल्या. त्यांतच त्याला एक युक्ती सुचली. पत्र्याचं एक मोठं नरसाळं आडवं ठेवून त्याच्या तोंडात त्यानं मिरची बसवली. नरसाळ्याच्या आतल्या उतारावरून उजेड परावर्तित होऊन मिरचीच्या बाजूंवर पसरला आणि मागची बाजू हळूहळू गडद अंधारात बुडाली. पार्श्वभूमीचा प्रश्न आणि उजेडाचा प्रश्न, दोन्ही एका नरसाळ्यानं सोडवले. आणि काम झाल्यावर या मिरच्या स्वयंपाकात जात, बरं का! आपलीच मॉडेलं खातो म्हणून लोक त्याची थट्टा करत.

वेस्टनचा कॅमेरा आठ बाय दहा इंचांचा, तिवईवरचा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेवर चित्र पाहायचं. गंमत अशी की त्या काचेवर सगळं उलटं दिसतं, डोकं खाली पाय वर. सुरुवातीला मला ही अडचणच वाटली. मग एकदा आमचे जुने अल्बम उलटे धरून पाहिले आणि चकित झालो. सरळ फोटोत आपल्याला फक्त आई दिसते, कारण आपलं प्रेम तिच्यावर असतं. उलट्या फोटोत काळे-पांढरे तुकडे दिसतात, त्यांचे आकार दिसतात आणि तो कॅलेंडरचा खिळाही ठळकपणे दिसतो. कॅमेऱ्याला प्रेम ठाऊक नसतं. तो खिळाही तितक्याच निष्ठेनं टिपतो. चौकटीत जे जे येतं त्या सगळ्याची जबाबदारी आपली.

दुसरी गोष्ट कडांची. वेस्टन निगेटिव्ह मोठी करत नसे. निगेटिव्ह कागदावर टेकवून, आहे त्याच आकारात छापी. नंतर कडा कापून चित्र सुधारणं त्याला मान्य नव्हतं. संपूर्ण चित्र आधी डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे आणि मगच शटर उघडायचं, ही त्याची शिस्त. रचनेचे नियम पूर्ण झालेल्या चित्रांवरून मागाहून काढलेले असतात, ते आधी समोर मांडून चित्र जन्माला येत नाही, असं तो मानी. माझे तीन-तीन भाग पाठ करून मी अडलो होतो तो नेमका इथंच. मी रेघा मोजत होतो, वस्तूकडं पाहत नव्हतो.

१९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मित्रांबरोबर त्यानं ‘एफ ६४’ या गटातून सॅन फ्रान्सिस्कोत प्रदर्शन भरवलं. एफ ६४ हे भिंगाच्या अतिबारीक छिद्राचं माप, ज्यानं जवळचं आणि दूरचं सारखंच स्पष्ट येतं. पोटासाठी मात्र माणसांचे फोटो काढणं सुरूच होतं. गिऱ्हाईकाच्या सुरकुत्यांवर पेन्सिल फिरवण्याचा त्याला मनस्वी तिटकारा होता. कितीतरी वर्षं नाइलाजानं ते करत राहिल्यावर अखेर त्यानं ते बंद केलं. हे वाचलं तेव्हा भिंतीवरचा आईचा गुळगुळीत फोटो माझ्याकडं बघत होता.

१९३७ मध्ये दोन हजार डॉलरची गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारा तो पहिला छायाचित्रकार ठरला. त्याला गाडी चालवता येत नसे. कॅरिस विल्सन, जिच्याशी त्यानं १९३९ मध्ये लग्न केलं, ती गाडी चालवी आणि दोघं वाळवंटं, डोंगर, किनारे धुंडाळत. हजाराहून अधिक निगेटिव्ह त्या भटकंतीतून आल्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी हे लग्नही मोडलं.

आणि कंपवातानं त्याला गाठलं. ज्या हातांनी शंखाला तासन्‌तास निश्चल राखलं, तेच हात थरथरू लागले. १९४८ मध्ये पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावर त्यानं शेवटचा फोटो काढला. पुढची दहा वर्षं तो जगला, पण कॅमेऱ्याविना. मेक्सिकोला दुसऱ्या खेपेला त्यानं आपल्या दुसऱ्या मुलाला, ब्रेटला, शाळा सोडवून बरोबर नेलं होतं. त्या पोरानं तिथंच कॅमेरा हातात घेतला. आता तोच ब्रेट, स्वतः नामवंत छायाचित्रकार झालेला, वडिलांच्या देखरेखीखाली त्यांच्या आठशेहून अधिक निगेटिव्ह छापत होता. हात मुलाचे आणि नजर बापाची. १ जानेवारी १९५८ रोजी वेस्टन गेला. त्याची रक्षा पॉइंट लोबोसलाच विसर्जित केली. त्याचा सगळा ठेवा आज ॲरिझोनातल्या टूसान शहरी, विद्यापीठाच्या छायाचित्र केंद्रात जपलेला आहे.

वेस्टनची गोष्ट इथं संपते, माझी थोडी उरते. आईची धाकटी बहीण, आमची मावशी, तेव्हा सत्तरीची होती. एका दुपारी ती मागच्या दारी उंबऱ्याशी वालपापडी निवडत बसली होती. बाहेरचा उजेड एका गालावर आला होता. मी कॅमेरा आणला. आधी फक्त पाहिलं. भिंतीवर केरसुणी टांगलेली होती, ती चौकटीतून जावी म्हणून दोन पावलं डावीकडं सरलो. चारी कडा एकदा तपासल्या. मग थांबलो, मावशी मला विसरेपर्यंत. ती शेंगेची शीर ओढण्यात गुंगली आणि मी बटण दाबलं.

फोटो पाहून मावशी रागावली. किती म्हातारी दिसतेय मी, म्हणून कुरकुरली. पण तो मी आईच्या शेजारी लावला. माझ्या मुलीनं तो पाहिला आणि मावशीआजीच्या हनुवटीवर बोट ठेवून, ही तर आपल्या आजीसारखी हसते, असं सांगितलं. आईचा फोटो मला कधीच काढता आला नाही. पण तिचं हसू एवढं तरी भिंतीवर आलं.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये हजारो फोटो. त्यातला एक बटण दाबताच सुरकुत्या पुसतो. स्टुडिओतली पेन्सिल काही गेलेली नाही. तेव्हा आज एवढंच करा. भाजीच्या टोपलीतली एक ढोबळी मिरची खिडकीशी ठेवा. फोन खिशातच राहू द्या आणि पाच मिनिटं नुसतं बघा, ती फिरवा, पुन्हा बघा. मग एकच फोटो काढा. दुसरा काढायचा तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा, तितकाच वेळ देऊन. मिरचीची नंतर खुशाल भाजी करा. वेस्टनच्या घरी तेच करत.