सर्वनामे आणि सदसद्‌विवेक : सी. एस. लुईस यांच्या अंतराळकथा

क्लाइव्ह स्टेपल्स लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी बेलफास्ट येथे झाला. १९०८ मध्ये मातृवियोग झाला आणि बालपणाचे स्थैर्य संपले. १९१४ पासून सरे परगण्यात विल्यम कर्कपॅट्रिक या वृद्ध गुरूंजवळ त्यांनी अध्ययन केले. शिष्याने सहज उच्चारलेल्या शब्दाचाही अर्थ विचारून त्याला निरुत्तर करणे ही या गुरूंची रीत होती. वापरलेल्या प्रत्येक शब्दाचा जाब द्यावा लागतो, हा संस्कार लुईस यांच्यावर तेथे झाला. एकोणिसाव्या वाढदिवशी ते फ्रान्समधील आघाडीवर पोहोचले व एप्रिल १९१८ मध्ये जखमी झाले. पुढे ऑक्सफर्ड येथे उज्ज्वल यश मिळवून १९२५ ते १९५४ या काळात त्यांनी तेथील मॉडलिन कॉलेजात अध्यापन केले. १९३१ मध्ये ते ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले.

त्यांच्या अंतराळकथांचा नायक रॅन्सम हा भाषाशास्त्रज्ञ असावा, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते. ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ (१९३८) या कादंबरीत मंगळावरील अपरिचित प्राणी बोलताना ऐकताच, जिवावर बेतलेल्या अवस्थेतही, रॅन्समच्या मनात त्या भाषेच्या व्याकरणाचा विचार येतो. जो बोलतो तो ‘कोणीतरी’ आहे, ही जाणीव येथे भीतीवर मात करते. त्या ग्रहावर तीन भिन्न जातींचे प्राणी असून विवेकशील अशा कोणत्याही जीवासाठी ‘ह्‌नाऊ’ हा एकच शब्द आहे. दुष्ट या अर्थी मात्र ‘वाकडा’ यापलीकडे शब्द नाही.

खलनायक वेस्टन हा नामांकित पदार्थवैज्ञानिक आहे. मानवजातीच्या विस्तारासाठी मंगळवासीयांचा संहारही त्याला समर्थनीय वाटतो. त्याचे भाषण रॅन्सम मंगळाच्या भाषेत उतरवू लागतो, तेव्हा भव्य अमूर्त नामे गळून पडतात आणि उरते ती साधी हिंसा. मराठीच्या परिभाषेत सांगायचे तर वेस्टनच्या बोलण्यात ‘आम्ही’ आहे, ‘आपण’ नाही. इंग्रजीला हा भेद एका सर्वनामात दाखविता येत नाही; लुईस यांनी तो अनुवादाच्या प्रसंगातून घडविला, आणि तोही विनोदाच्या अंगाने. तथापि वेस्टन हा स्वार्थी नाही. त्या ध्येयासाठी मरण्याची त्याची तयारी आहे. स्वजातिप्रेम हा एकच धर्म त्याच्यात उरला आहे व तोही वाकलेला आहे.

ग्रहांचा उपयोग आत्मिक साहसासाठी करता येतो, ही दृष्टी लुईस यांना डेव्हिड लिंडसे यांच्या ‘अ व्हॉयेज टू आर्क्टरस’ (१९२०) या कादंबरीने दिली. लिंडसे यांनी तिसऱ्या लिंगाच्या एका पात्रासाठी नवे सर्वनामच घडविले होते. लुईस त्या वाटेने गेले नाहीत. रूढ सर्वनामांवरच त्यांनी नवा भार टाकला. ‘पेरेलँड्रा’ (१९४३) मध्ये दुष्ट शक्ती वेस्टनच्या देहाचा ताबा घेते, आणि निवेदनात त्याच्याऐवजी मुख्यत्वे नपुंसकलिंगी सर्वनाम येऊ लागते. विनाकारण बेडूक फाडीत जाणारे ते काहीतरी ‘तो’ राहिलेले नसते. मराठी वाचकाला हा धक्का त्या तीव्रतेने जाणवणार नाही, कारण आपल्याकडे ‘ते’ हे प्रेतालाही लागते, लेकरालाही आणि आदरणीय पुरुषालाही. झुंजीत ते मारले गेल्यावर रॅन्सम कड्यावर मृत्युलेख कोरतो. त्यात वेस्टनच्या नावाची, विद्वत्तेची नोंद आहे. त्याला पुन्हा ‘ह्‌नाऊ’ म्हटले आहे. शत्रूला पुल्लिंग परत मिळते ते असे. संपूर्ण त्रयीतील हे सर्वांत उदात्त कृत्य होय.

याच कादंबरीच्या अखेरीस शरीरलिंगविरहित असे दोन ग्रहाधिपती दिसतात, तरीही एक पुरुषरूप व दुसरा स्त्रीरूप जाणवतो. व्याकरणातील लिंग हे शारीरिक भेदाहून मूलभूत वास्तव आहे, असा सिद्धांत लुईस येथे मांडतात व दाखल्यासाठी पर्वत आणि वृक्ष घेतात. तो पटण्याजोगा नाही. मराठीत वड पुल्लिंगी, चिंच स्त्रीलिंगी आणि झाड नपुंसकलिंगी. डोंगर आणि टेकडी यांत तर लिंग केवळ आकारमान सांगते. ‘दॅट हिडिअस स्ट्रेंग्थ’ (१९४५) मध्ये याच सिद्धांतातून स्त्रीच्या आज्ञाधारकपणाचा पुरस्कार निघतो, तेव्हा त्याची नैतिक किंमतही कळून येते.

१९४६ मध्ये जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी, या कथा वैज्ञानिकांची बदनामी करतात, अशी कठोर टीका केली. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले व पुढे येथील नागरिक झाले. लुईस यांनी उत्तर लिहिले, पण प्रसिद्ध केले नाही. १९५४ मध्ये ते केंब्रिजला प्राध्यापक झाले; १९५६ मध्ये जॉय डेव्हिडमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि अवघ्या चार वर्षांनी त्या कर्करोगाने गेल्या. शब्दार्थांच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १९६० चा. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडी यांची हत्या झाली त्याच दिवशी, लुईस यांचे ऑक्सफर्ड येथे निधन झाले. पुढील वर्षी भुवनेश्वर येथे हाल्डेन निवर्तले. ते उत्तर छापले गेले १९६६ मध्ये.