कसणाऱ्याच्या दारी जमीन आणणारे भाऊसाहेब

स्मरणिकेसाठी आपल्या भागातील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे असा मंडळाच्या भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते भाऊसाहेब हिरे यांचे. मी काही विद्वान नव्हे. परंतु ज्या कायद्याशी त्यांचे नाव जोडले गेले, त्याचे दोन्ही परिणाम मी आमच्याच घरात पाहिले आहेत.

भाऊसाहेबांचा जन्म 1905 साली मालेगाव तालुक्यातील निमगाव येथे शेतकरी कुटुंबात झाला. नामपुरातून वाहणारी आपली मोसम पुढे मालेगावलाच जाते, म्हणजे ते आपल्याच खोऱ्यातले. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी मालेगावी वकिली केली. पुढे ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले आणि महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1952 साली मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, त्या मंत्रिमंडळात महसूल खाते भाऊसाहेबांकडे आले. त्याच वर्षी मालेगावी महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था उभी राहिली, तीही त्यांच्याच प्रयत्नाने. खेड्यातल्या मुलामुलींना त्या संस्थेचा केवढा आधार झाला, हे आपण जाणतोच.

कूळकायदा 1948 सालीच झाला होता. परंतु त्याने कुळाला संरक्षण दिले, मालकी दिली नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी कुळांकडून राजीखुशीचे म्हणून राजीनामे लिहून घेतले गेले. अंगठा देणाऱ्याची ती खुशी कसली, हे ज्याचे त्यालाच ठाऊक! भाऊसाहेबांच्या कारकिर्दीत 1956 साली ह्या कायद्यात मोठी सुधारणा झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला. त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले. किंमत शेतसाऱ्याच्या 20 ते 200 पटींच्या दरम्यान ठरवायची आणि ती हप्त्यांनी फेडायची, अशी सोय होती.

माझ्या सासरची मंडळी कुळे होती. सासूबाई सांगत, की पूर्वी खळ्यावर धान्याची रास पडली की आधी खंडाचा वाटा निघे, मग घरच्या कणगीचा विचार. जमीन नावावर झाली त्या वर्षी त्यांनी प्रथमच बांधावर आंब्याची कोय लावली. दुसऱ्याच्या जमिनीत झाड कोण लावणार?

माझ्या माहेरी मात्र उलट होते. माझी आत्या बालविधवा. चार बिघे जमिनीच्या खंडावर तिचे पोट. कायदा आला तेव्हा ती रात्र रात्र झोपली नाही. परंतु विधवा, अज्ञान आणि अपंग मालकांच्या जमिनीची विक्री कायद्याने पुढे ढकलली होती. त्यामुळे आत्याचा आधार तिच्या हयातीत टिकला. तिच्या पश्चात मात्र कुळाने मुदतीत नोटीस द्यायची होती. तिचा कूळ निरक्षर होता; मुदत टळली आणि पुढे खटला वर्षानुवर्षे चालला. एकाच कलमाने एकीला तारले आणि दुसऱ्या घराला कचेरीचे खेटे घालायला लावले. कायदा चांगला असला तरी तो वाचून दाखवणारे कोणी हवे, हा धडा मी तिथेच शिकले.

1956 साली द्विभाषिक राज्याच्या नेतेपदासाठी भाऊसाहेब यशवंतराव चव्हाणांविरुद्ध उभे राहिले. यशवंतरावांना 333 मते मिळाली, भाऊसाहेबांना 111. मुख्यमंत्रिपद हुकले ते कायमचेच. 1960 साली संयुक्त महाराष्ट्र झालेला त्यांनी पाहिला आणि 1961 साली त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, एक गोष्ट राहून गेली. कुळाच्या जमिनी झाल्या त्या बहुधा पुरुषांच्या नावे. निंदणी-खुरपणी करणारी बाई उताऱ्यावर क्वचितच आली. म्हणून एक विनंती करते. आपल्या घरचा सातबारा एकदा स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मंडळात घेऊन या. आपण मिळून वाचू. भाऊसाहेबांना ह्याहून चांगले अभिवादन मला तरी सुचत नाही.