गरम फरशीवर कार्पेट: फूरिये काय शिकवून गेला?

यवतमाळच्या उन्हाळ्यात आपण गच्चीवर पाणी मारतो; थंड देशांत मात्र फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकतात. त्यावर कार्पेट कसं असावं, याचं उत्तर जोसेफ फूरियेच्या गणितात आहे.

जन्म १७६८, फ्रान्स. शिंप्याचा मुलगा, लहानपणीच पोरका झाला. राज्यक्रांतीत तुरुंग पाहिला, १७९८ ला नेपोलियनसोबत इजिप्तला गेला. उष्णतेवरचा त्याचा १८०७ चा निबंध लाग्रांजसारख्या दिग्गजाला पटला नाही. गडी हटला नाही; १८२२ ला पुस्तकच काढलं. १८३० ला वारला.

त्याचा नियम सोपा: थर जितका जाड, तितकी उष्णता कमी जाते. म्हणून कार्पेट पातळ घ्या, खाली जाड फोम नको. मी चार्जिंगला लावताना फोनचं जाड कव्हर काढतो, तेही यामुळेच.