राणीच्या बागेचे सेक्रेटरी

स्मरणिकेसाठी सेक्रेटरीपदाच्या आठवणी लिहून द्या, असं संपादक मंडळाने मला सांगितलं. मी सलग सहा वर्षं आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पण आठवणी म्हणजे काय, तर टाकीची गळती, लिफ्टची दुरुस्ती आणि थकबाकीदारांच्या नोटिसा! त्या वाचून कोणाला काय मिळणार? म्हणून मी दुसऱ्याच एका सेक्रेटरीबद्दल लिहायचं ठरवलं. त्यांना जाऊन दीडशे वर्षं झाली.

गेल्या मे महिन्यात नातीला पेंग्विन दाखवायला भायखळ्याला राणीच्या बागेत नेलं होतं. उन्हाने जीव अगदी कासावीस झाला, म्हणून गेटाजवळच्या म्युझियममध्ये शिरलो. दारावर डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव. लहानपणापासून बागेत येतोय, पण हे गृहस्थ कोण याची कधी चौकशी केली नव्हती. घरी आल्यावर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचायला घेतलं आणि मग त्यातच रमलो.

त्यांचं पाळण्यातलं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. वडिलांना लोक दाजी म्हणत आणि ह्यांना भाऊ, म्हणून भाऊ दाजी. जन्म १८२२चा, गोव्यातल्या पेडणे भागातला. घरची परिस्थिती बेताचीच. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. पोरगा बुद्धिबळात एकदम तरबेज! त्याचा खेळ पाहून एका इंग्रज साहेबाने वडिलांना गळ घातली की ह्याला इंग्रजी शिक्षण द्या. पटावरच्या चालींनी माणसाचं आयुष्य असं बदलतं, बघा.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून भाऊ तिथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातल्या बालहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळालं. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं. तेव्हा लागलेली नोकरी सोडून हे परत विद्यार्थी झाले आणि १८५१ साली डॉक्टरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यातून डॉक्टर होऊन निघाले. प्रॅक्टिस जोरात चालली. धाकटे भाऊ नारायणही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. जुने संस्कृत वैद्यकग्रंथ वाचून भाऊ त्यातली औषधं स्वतः पारखून बघत. महारोगावरच्या त्यांच्या उपचारांचा तर बराच बोलबाला होता.

पण नुसत्या दवाखान्यात रमणारा हा माणूस नव्हता. जुने शिलालेख वाचायचे, कालिदासाचा काळ कोणता यावर लिहायचं, हा त्यांचा आवडता उद्योग. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यातही हे होतेच. ग्रँट रोडच्या थिएटरात विष्णुदास भाव्यांची नाटकं झाली, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांतही भाऊ होते. मुलींच्या शिक्षणासाठी झटले, त्यांच्या नावाने मुलींची शाळाही निघाली. बॉम्बे असोसिएशनचं काम तर होतंच. एका माणसाला दिवसाचे तास किती, असा प्रश्न पडतो.

आता मुद्द्याचं सांगतो. त्या काळची मुंबई म्हणजे कोटाच्या आतली दाटी आणि बाहेर वाढत चाललेली वस्ती. साध्या माणसाने संध्याकाळी पोराबाळांना घेऊन जावं कुठे? देशोदेशीच्या वस्तू, कारागिरी, पशुपक्षी कुठे बघावेत? १८५७ साली कोटातल्या सरकारी बराकीत एक छोटं म्युझियम उघडलं होतं. त्याच वर्षी उठाव झाला, बराकी लष्कराला हव्या झाल्या आणि वस्तू घाईघाईने उचलून टाऊन हॉलमध्ये नेल्या. त्या गडबडीत कितीतरी वस्तूंची मोडतोड झाली. बागेचीही गत तीच. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची शिवडीला बाग होती, ती जागा दफनभूमीसाठी गेली.

मग ठरलं, भायखळ्याला मोठी बाग करायची आणि तिच्यातच म्युझियमची कायमची इमारत बांधायची. त्यासाठी कमिटी नेमली. नाना शंकरशेट आणि शहरातली इतर मोठी माणसं पुढे आली. सेक्रेटरी दोघं होते, डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि आपले डॉ. भाऊ दाजी. लोकांकडून वर्गणी जमवायला सुरुवात झाली. १८६२ साली बाग उघडली, त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला गव्हर्नर फ्रियर यांच्या हस्ते म्युझियमची कोनशिला बसली.

सुरुवात तर दणक्यात झाली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस बंद, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. पैसा नुसता वाहत होता, देणगीचे आकडे टाकायला कोणी मागेपुढे बघत नव्हतं. आणि १८६५ साली युद्ध थांबलं. शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, कालचे लखपती आज कंगाल झाले. त्याच वर्षी जुलैअखेर नानाही गेले. म्युझियमचं बांधकाम अर्धवट राहिलं.

आपल्या सोसायटीची बी विंग पैशाअभावी चौदा महिने प्लास्टरविना उभी होती, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. रोज येता-जाता त्या उघड्या विटा बघताना कसं वाटायचं, ते मला विचारा! भाऊंच्या वाट्याला तर ह्याहून वाईट आलं. त्या पडझडीत त्यांची स्वतःची कमाईही गेली. डॉक्टरकीवर मिळवलेलं सगळं गमावलेला माणूस दुसऱ्यांच्या म्युझियमची काळजी कशाला करेल? पण भाऊंनी सार्वजनिक कामं सोडली नाहीत. १८६९ आणि १८७१, असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. म्युझियमचं उरलेलं काम शेवटी सरकारने हाती घेतलं आणि २ मे १८७२ला ते लोकांसाठी उघडलं. कोनशिलेपासून जवळजवळ दहा वर्षांनी.

भाऊंना ते उघडलेलं बघायला मिळालं, पण फार दिवस नाही. ३१ मे १८७४ला ते गेले. वय जेमतेम बावन्न. दारावर नाव होतं व्हिक्टोरिया राणीचं. भाऊंचं नाव लागलं १९७५ साली, म्हणजे ते गेल्यावर शंभर वर्षांनी. पुढे इमारतीची रया पार गेली होती. महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाऊंडेशन यांनी मिळून ती पुन्हा उभी केली, त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आज आत गेलात तर त्या लोखंडी खांबांवरून आणि सोनेरी नक्षीवरून नजर हटत नाही. माझी नात तर जुन्या मुंबईतल्या माणसांच्या छोट्या छोट्या मातीच्या बाहुल्यांसमोर अर्धा तास बसली होती. पेंग्विनना पाच मिनिटं.

हे सगळं आत्ताच का लिहितोय, तेही सांगून टाकतो. गेल्या वार्षिक सभेत आपल्या मागच्या मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करावं असा ठराव आला होता आणि त्याचा सूचक मीच होतो. माझी गाडी रोज रस्त्यावर उभी असते, दोनदा आरसा तुटलाय. त्या जागेचा उपयोग काय, असं मी भर सभेत म्हणालो होतो. वेळ संपली म्हणून ठराव पुढच्या सभेवर गेला.

राणीच्या बागेतून परतलो त्या संध्याकाळी मागच्या गॅलरीत उभा राहून मी ती जागा पहिल्यांदाच नीट बघितली. ए विंगच्या आजी बाकावर बसल्या होत्या. पोरांचा लगोरीचा डाव रंगात आला होता. दर गणपतीत आपल्या मुलांची नाटकं इथेच होतात, कोजागरीचं दूध इथेच आटतं. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या कमिटीने दर फ्लॅटमागे वर्गणी काढून इथे माती टाकून घेतली आणि बकुळ लावली. त्या कमिटीतले तिघं आज हयात नाहीत. त्यांची नावं इथे कुठल्याच पाटीवर नाहीत.

पार्किंगचा प्रश्न खोटा नाही, तो सोडवायलाच हवा. पुढच्या रस्त्याकडेच्या पट्ट्यात काय करता येईल ते नव्या कमिटीबरोबर बसून बघायची माझी तयारी आहे. पण तो ठराव मी येत्या सभेत मागे घेणार आहे. अनुमोदक मित्राला तसं कालच सांगितलं. तो थोडा रागावलाय, पण चहा पाजलाच त्याने.